मोटारीचा भाव आणि रयतेचा हिशेब

गणेशोत्सवातली हर्रास आपल्या भागात कुणाला नवी नाही. विसर्जनाच्या दिवशी गणपतीपुढचा लाडू किंवा नारळ बोलीवर जातो आणि बोली चढू लागली की मंडपातली गर्दी पुढे सरकते. हैदराबादजवळच्या बालापूरच्या गणपतीचा लाडू १९९४ साली पहिल्यांदा बोलीवर गेला, तेव्हा त्याला ४५० रुपये आले होते. २०२४ साली त्याच गणपतीच्या लाडवाला तीस लाखांच्या वर बोली लागली. लाडवात बेसन, साखर आणि तूप किती रुपयांचे जाते हे आपल्या गावचा कुठलाही आचारी सांगेल. बाकीची सगळी रक्कम मानाची आणि त्या लाडवाच्या नावाभोवती जमलेल्या कथेची.

यंदा आम्ही अशाच एका हर्राशीबद्दल लिहायचे ठरवले. ती लाडवाची नाही, मोटारीची आहे. आम्ही पडलो सरकारी नोकर, त्यात डिप्लोमावाले. त्यामुळे आमचा एक डोळा यंत्रावर आणि दुसरा नोंदवहीवर असतो. जुन्या मोटारींच्या हर्राशीत हे दोन्ही लागते, आणि या विषयाचा आपल्या बिदर-कलबुर्गीकडच्या मराठी घरांशी संबंध आहे, तो पुढे येईलच.

२०१० साली युरोपातल्या मोनाको या चिमुकल्या राज्यात एक मोटार लिलावाला आली. तिचे नाव ‘स्टार ऑफ इंडिया’. १९३४ ची रोल्स-रॉइस फँटम टू, कॉन्टिनेंटल जातीची, टप मागे दुमडता येणारी. उन्हात टप उघडा, पाऊस आला की टप ओढून काचा वर घ्या, म्हणजे ती बंद मोटारीसारखी होते. रंग केशरी, समोर दिव्यांची रांग. ही मोटार बनवून घेतली होती राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, म्हणजे धर्मेंद्रसिंहजींनी. पुढे ती देशाबाहेर गेली, परक्या हातांत राहिली, तिथेच तिला नव्याने नटवले गेले आणि शेवटी बोलीवर चढवले गेले. लाखो पौंडांच्या अंदाजाची चर्चा त्या वेळी जगभरच्या वर्तमानपत्रांत झाली. त्यानंतर ती राजकोटच्याच राजघराण्याकडे परत आली.

आता यंत्राची बाजू पाहू. त्या काळी रोल्स-रॉइस कंपनी पूर्ण बांधलेली मोटार विकत नसे. इंग्लंडमधल्या डर्बीच्या कारखान्यातून नुसती चासी बाहेर पडे. तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर आणि चाके एवढेच असे. फँटम टू १९२९ ते १९३५ या काळात बनली. तिचे इंजिन सहा सिलिंडरचे, ७,६६८ सीसीचे. आज आपल्या रस्त्यावर धावणाऱ्या साध्या मोटारीचे इंजिन हजार-बाराशे सीसीचे असते, यावरून अंदाज यावा. गिऱ्हाईक ती चासी घेऊन बॉडी बांधणाऱ्याकडे जाई. राजकोटच्या मोटारीची बॉडी लंडनच्या थ्रप अँड मेबर्ली यांनी बांधली. असे बांधणारे आधी लाकडाचा सांगाडा उभा करत आणि मग त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे हाताने ठोकून बसवत. थोडक्यात, सुतार आणि लोहार दोघांचे काम. आपल्या गावात बैलगाडी अशीच दोघांच्या हातून उतरत असे.

अशी मोटार पन्नास-साठ वर्षांनी पुन्हा उभी करायची म्हणजे लाकूड किडलेले, बेअरिंग झिजलेले, वायरिंग उंदरांनी खाल्लेले. पैसा आणि चांगला मिस्त्री असला तर हे सगळे नवे करता येते. नवे करता येत नाही ते कागदपत्र. कंपनी प्रत्येक चासीचे कार्ड ठेवत असे. त्यावर गिऱ्हाइकाचे नाव, ऑर्डरची तारीख आणि खास मागण्या लिहिलेल्या असत. लिलावात पहिला प्रश्न रंगाचा नसतो. चासी नंबर आणि इंजिन नंबर त्या कार्डाशी जुळतो का, हा असतो. नंबर जुळला, मधल्या प्रत्येक मालकाचा पुरावा सापडला, जुना फोटो मिळाला की भाव चढतो. तीच मोटार, तेच इंजिन, पण कागद नसला तर भाव निम्म्यानेही उतरू शकतो. मोटारीलाही वंशावळ लागते ती अशी.

कागद नसला की काय होते, याचे उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ऐकण्यात आहे. एका राजाचा लंडनच्या दुकानात अपमान झाला, म्हणून त्याने रोल्स-रॉइस मोटारी विकत घेतल्या आणि त्यांना झाडू बांधून शहराचा कचरा उचलायला लावला, ही ती कथा. कुणी ती अलवरच्या महाराजांच्या नावावर सांगतात, कुणी निजामाच्या. हैदराबाद संस्थानात वाढलेल्या आपल्या म्हाताऱ्यांनी ती निजामाची म्हणूनच सांगितली. कथा झकास आहे, पण तिला कागदाचा आधार कुणी दाखवलेला नाही. म्हणून ती गावोगाव फिरते आणि दर गावी राजा बदलते.

राजकोटच्या मोटारीचे मात्र कागद आहेत, आणि तिच्या मालकाबद्दलही भरपूर लिहिलेले आहे. पण ते सगळे लिलावाच्या यादीत छापले जात नाही. धर्मेंद्रसिंहजींचे वडील लाखाजीराज हे लोकप्रिय राजे. १९२३ साली त्यांनी राजकोटात प्रजाप्रतिनिधी सभा सुरू केली होती. १९३० साली ते गेले आणि मुलगा गादीवर आला. तिजोरी आटू लागली तशी त्याने पैशासाठी मक्ते विकायला सुरुवात केली. काड्यापेटीचा मक्ता, साखरेचा मक्ता, इतकेच काय, जुगाराच्या अड्ड्यालाही परवाना. मक्तेदार मागेल तो भाव. म्हणजे राजकोटच्या बाईने चूल पेटवायला काडी ओढली की तिच्या पैशातला एक वाटा दरबाराकडे जाई. कुठल्या काडीच्या पैशातून कुठल्या मोटारीचे बिल भागले, हे कुणी दाखवू शकणार नाही. पण केशरी मोटार १९३४ ची आणि मक्ते याच राजाच्या कारकिर्दीतले, हे दोन्ही एकाच पानावर लिहिले पाहिजे.

१९३८ साली राजकोटची प्रजा उठली. लाठ्या चालल्या, माणसे तुरुंगात गेली. सरदार पटेलांनी मध्यस्थी केली आणि डिसेंबर १९३८ च्या अखेरीस करार झाला. महिन्याच्या आत दरबाराने तो मोडला. फेब्रुवारी १९३९ मध्ये कस्तुरबा तिथे गेल्या, त्यांना अटक झाली. ३ मार्चला गांधीजींनी राजकोटात उपवास सुरू केला, तो ७ मार्चला सुटला. सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी एप्रिलमध्ये निर्णय दिला तो पटेलांच्या बाजूने. तरी दरबारातले डावपेच थांबले नाहीत. शेवटी दबावाने मिळालेला हा निर्णय आपल्याला नको, असे म्हणून गांधीजींनीच त्यावर पाणी सोडले. पुढच्याच वर्षी धर्मेंद्रसिंहजी वारले. मोटार राहिली.

आता आपल्या घराकडे वळू. राजकोटात हे चालू होते त्याच महिन्यांत आपले संस्थान काय करत होते? हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्याआधीच, सप्टेंबर १९३८ मध्ये बंदी आली. ऑक्टोबरात गोविंदराव नानल आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या तुकड्यांनी सत्याग्रह केला, तो डिसेंबरात स्थगित झाला. औरंगाबादेत विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून त्यांना शिक्षणाला मुकावे लागले. आर्य समाजाचा लढा तेव्हाच पेटला. उदगीरचे वकील भाई श्यामलाल डिसेंबर १९३८ मध्ये बिदरच्या तुरुंगात मरण पावले. म्हणजे आपल्या खटकचिंचोळीहून सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत पोचेल एवढ्या अंतरावर.

निजामाकडेही मोटार होती. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी रोल्स-रॉइसची एक सिल्व्हर घोस्ट मागवली, पण ती येण्याआधी १९११ साली ते वारले. मोटार सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खान यांच्या वाट्याला आली. पिवळ्या रंगाची, बार्कर कंपनीने बॉडी बांधलेली आणि मागे सिंहासनासारखी उंच बैठक असलेली. ती खास प्रसंगी बाहेर निघे, एरवी उभी असे. पुढे ती धूळ खात पडली, मग नीट करून घेतली गेली आणि आज हैदराबादच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये ठेवली आहे. फेब्रुवारी १९३७ मध्ये अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने याच निजामाचे चित्र जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापले होते. त्या श्रीमंतीचा झरा होता सर्फेखास. संस्थानची साधारण एक दशांश जमीन निजामाची खाजगी मिळकत होती, आणि सुमारे तीन दशांश जहागीरदारांकडे आणि पायगांकडे. खेड्यात सरकारी दौरा आला की बेगार धरली जाई. जनावरांना चारा, साहेबाला कोंबडी आणि सामान वाहायला माणूस, सगळे फुकट. चौमहल्ल्यात तिकीट काढून त्या पिवळ्या मोटारीपुढे फोटो काढताना आपल्या पोरांना हे कोण सांगणार?

सगळे राजे एका माळेचे मणी होते असे आम्ही म्हणत नाही. मराठी राजांचेच पाहू. इंदूरचे यशवंतराव होळकर हे मोटारींचे मोठे दर्दी. त्यांच्या महाराणी संयोगिताराजे कोल्हापूरजवळच्या कागलच्या. त्यांचा माणिकबाग राजवाडा जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांनी बांधला. यशवंतरावांची अमेरिकन ड्यूसेनबर्ग मोटार १९३५ ची. चासी अमेरिकेची, उघड्या टपाची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, रंग होळकरशाहीचा केशरी आणि काळा. ती बनवणारा कारखाना १९३७ साली बंद पडला. माणिकबागेतले फर्निचर १९८० साली लिलावात गेले, तेही मोनाकोतच. राजवाड्यात आज केंद्र सरकारचे महसुली कार्यालय आहे. ज्या दालनांत जगातली उत्तमोत्तम खुर्ची होती तिथे आता आमच्यासारखेच कारकून फायली हलवतात. खुर्च्यांचा मात्र एकेक प्रवास पॅरिस-लंडनच्या यादीत नोंदलेला आहे.

दुसरीकडे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. बहात्तर गावांचे लहानसे संस्थान. त्याचा एक तुकडा विजापूर जिल्ह्यातल्या गुणदाळकडेही होता. राजकोटचा राजा करार मोडत होता त्याच जानेवारी १९३९ मध्ये औंधच्या राजाने आपण होऊन राज्यघटना दिली आणि कारभार लोकांच्या हाती सोपवला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आणि बडोद्याच्या सयाजीरावांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण त्याआधीच सुरू केले होते. घटनेच्या कागदावर बोली लागत नाही आणि शाळेत शिकलेल्या पोराचा लिलाव होत नाही. त्यामुळे लिलावाच्या बाजारात औंधचे नाव ऐकू येत नाही. पण राजाने मागे काय ठेवले हे तोलायचे असेल तर हेही तागडीत घालावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने गेली, १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखेही गेले. मोठे वाडे सांभाळणे जड झाले आणि मोटारी विकल्या जाऊ लागल्या. बऱ्याच परदेशी गेल्या, काही भंगारात गेल्या. १९५० पूर्वीच्या मोटारी देशाबाहेर न्यायला सरकारने निर्बंध घातले ते यामुळेच. १५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये, मुदत दहा वर्षे. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे यासाठी ती रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला किंवा भाड्याला नाही. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. हा नियम चांगला आहे. कुणाच्या गोठ्यात आजोबांची राजदूत किंवा जुनी जीप पडली असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिचे आर. सी. बुक शोधावे.

आणि आता मूळ मुद्दा. मोटारीच्या बाजूचा प्रत्येक कागद जपला गेला. चासी नंबर आहे, ऑर्डरची तारीख आहे, रंगाची निवड आहे. त्या मोटारीचे पैसे ज्यांनी भरले त्यांच्या बाजूचा कागद कुठे आहे? तो आहे, आपल्या घरांत. माळ्यावरच्या ट्रंकेत, देवघरामागच्या कोनाड्यात, जुन्या लुगड्यात बांधलेल्या दप्तरात. शेतसाऱ्याची पावती, जहागीरदाराचा कौल, वतनाचा मुंतखब, सावकाराचे खत, तुरुंगातून आलेले पत्र. १ नोव्हेंबर १९५६ ला बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला, शेजारचे उदगीर-निलंगा मुंबई राज्यात गेले, हैदराबाद आंध्रात. त्यामुळे आपली गंमत अशी झाली आहे की जमीन कर्नाटकात, घरची भाषा मराठी, आजोबांचे कागद मोडीत आणि उर्दूत, आणि त्या काळचे सरकारी दप्तर तेलंगणाच्या अभिलेखागारात. चारही ठिकाणी आपण पाहुणेच. त्यामुळे आपला इतिहास आपल्यासाठी दुसरे कुणी लिहून ठेवील ही आशा नको.

गेल्या काही वर्षांत घरे पाडून स्लॅबची बांधली गेली, तेव्हा पोतीच्या पोती कागद बंबात गेले. मोडी वाचता येत नाही, उर्दू कळत नाही, ‘सातबारा तर आता ऑनलाइन आहे’, अशी कारणे. आम्ही नोकरीमुळे रोज पाहतो की जमिनीच्या वादात पन्नास वर्षांपूर्वीची एक पावती पिढीजात भांडण मिटवू शकते. पण आमचा आग्रह भांडणापुरता नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी काय भरले, काय सोसले आणि कशासाठी उभे राहिले, याचा हाच एक पुरावा आहे.

काम फार अवघड नाही. ट्रंक उघडा. कागद न घड्या मोडता, न चिकटपट्टी लावता, सावलीत पसरून मोबाइलवर फोटो घ्या. कागद कुणाच्या नावचा, कुठल्या गावचा, घरात कुणाकडून आला, एवढे वेगळ्या वहीत लिहा. निजामी कागदावर फसली सन असतो, त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. आजूर, दै, बहमन ही तिथली महिन्यांची नावे आहेत, त्यांना घाबरू नका. रक्कम ‘हाली’ असेल तर सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. मोडी वाचणारे, जुनी उर्दू वाचणारे म्हातारे आपल्या पंचक्रोशीत अजून बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांच्यापुढे हे फोटो ठेवा, ते वाचतील ते उतरवून घ्या. ज्यांच्या घरी कागद नाही त्यांनी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला बोलते करावे. बेगारीची, हाली रुपयाची, १९४८ च्या सप्टेंबरची जी आठवण सांगतील ती तारखेसह लिहून ठेवावी, सांगणाऱ्याच्या नावासकट.

पुढच्या स्मरणिकेत मंडळाने चार पाने या कागदांसाठी राखून ठेवावीत, अशी आमची विनंती आहे. दर वर्षी दहा घरांचे दहा कागद छापले तरी पाच वर्षांत पन्नास होतील. त्यांना बाजारात कवडीही मिळणार नाही. पण केशरी मोटारीची गोष्ट पुढे कुणी सांगेल तेव्हा तिच्या शेजारी ठेवायला आपल्याकडे काही तरी असेल.

गणपती बाप्पा मोरया!